पन्नाशीनंतर मस्कतमध्ये इंग्रजी शिकवायला सहकुटुंब जाताना

मस्कतमधील भारतीय शाळेकडून इंग्रजीच्या अध्यापनासाठी नियुक्तिपत्र आले, की राजीनामा देण्यापूर्वी कागदपत्रे हाती घ्यावीत. भारत २००५ पासून आणि ओमान २०१२ पासून अपोस्टील करारात, म्हणजे एकमेकांची कागदपत्रे एकाच अधिकृत शिक्क्यावर (अपोस्टील) मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्याने पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रांवर आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण घेऊन मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील करून घ्यावे. कुटुंबाच्या व्हिसासाठी विवाहाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखलाही त्याच वाटेने न्यावा. आपल्याकडे अनेक शिक्षिकांच्या पदवीवर माहेरचे, तर पासपोर्टवर सासरचे नाव असते. ही तफावत किरकोळ वाटली, तरी ती राजपत्रातील नोंदीने किंवा प्रतिज्ञापत्राने आधीच मिटवावी, असा माझा आग्रह आहे.

मुलांचा विचार तितकाच काळजीपूर्वक करावा. सीबीएसईत दहावी आणि बारावीच्या वर्षी शाळा बदलणे अवघड असते, म्हणून मूल नववीत किंवा अकरावीत जाण्याच्या सुमारास, एप्रिलमध्ये वर्ष सुरू होतानाच स्थलांतर करावे.

घरभाडे, विमान तिकिटे आणि कुटुंबाचा आरोग्यविमा कोण देणार, हे करारात लेखी हवे. सोबत वृद्ध आईवडील असतील, तर त्यांच्या व्हिसाची चौकशी स्वतंत्रपणे आणि सर्वांत आधी करावी.