डिस्कविना संगणक नेटवर्कवरून चालवताना : लॉगिनच्या पडद्यानंतरचा सापळा

प्रयोगशाळेतील हार्ड डिस्क नसलेले संगणक (यापुढे ‘क्लायंट’) एकाच लिनक्स सर्व्हरवरून चालवण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे नुकतीच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पीएक्सई (नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याची पद्धत), डीएचसीपी (यंत्रांना ठरावीक मुदतीसाठी नेटवर्क-पत्ते देणारी सेवा), टीएफटीपी (सुरुवातीच्या फाइली पोचवणारी साधी पद्धत) आणि एनएफएस (सर्व्हरवरील फाइली दुसऱ्या यंत्रावर वापरू देणारी पद्धत) यांची ओळख तुम्हाला आहे, असे गृहीत धरतो.

सुरुवातीचे अडथळे लवकर सुटतात. त्यांना घाबरू नका. युईएफआय (नव्या संगणकांचे सुरुवातीचे फर्मवेअर) आणि जुन्या बायोसला वेगवेगळी बूटफाइल लागते. डेबियन या लिनक्समध्ये इनिटरॅमएफएस (मुख्य सिस्टीम हाती येण्यापूर्वी मेमरीतून चालणारी छोटी सिस्टीम) तयार करताना मॉड्यूल्ससाठी ‘नेटबूट’ आणि बूटसाठी ‘एनएफएस’ अशी नोंद करावी लागते. सर्व्हर कोणत्या फाइली कोणाला देतो ते सांगणाऱ्या एक्स्पोर्ट्सच्या फाइलमध्ये ‘नो_रूट_स्क्वॉश’ नसेल, तर क्लायंटच्या रूट या मुख्य वापरकर्त्याला सर्व्हर परका वापरकर्ता समजतो आणि निम्म्या सेवा सुरूच होत नाहीत. फायरवॉलमध्ये केवळ 2049 हा एनएफएसचा पोर्ट उघडूनही भागत नाही, कारण डेबियनच्या इनिटरॅमएफएसमधील छोटा माउंट प्रोग्रॅम एनएफएसच्या आवृत्ती 3 पर्यंतच चालतो आणि त्या आवृत्तीला 111 वरील पोर्टमॅपर (कोणती सेवा कोणत्या पोर्टवर आहे ते सांगणारा) व माउंटडी (माउंटच्या विनंत्या घेणारी सेवा) हे दोन्ही लागतात. अशा वेळी ‘फायरवॉल बंद करून टाका’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तो ऐकू नका. माउंटडीला एक पोर्ट नेमून द्या आणि 2049 व 111 यांच्या जोडीला तेवढाच उघडा.

मला ज्याने खरोखर अडवले, ते याच्या पुढे आहे. रूट, म्हणजे क्लायंटची सगळी सिस्टीम ज्यात आहे ती सर्व्हरवरील फाइलव्यवस्था, माउंट होते (जोडली जाते), सेवांच्या ओळी भराभर सरकतात, क्वचित लॉगिनचा पडदाही दिसतो, आणि मग यंत्र जागच्या जागी थांबते. थोड्या वेळाने कन्सोलवर ओळ उमटते, की एनएफएस सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहेत. कॅप्स लॉक दाबले की त्याचा दिवा लागतो, स्विचवरील दिवाही लुकलुकत असतो, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) जिवंत आहे आणि केबलही ठीक आहे. पण सर्व्हरवरून पिंग केले तर क्लायंट उत्तर देत नाही. येथे प्रत्येक जण सर्व्हरकडे धाव घेतो, एनएफएस पुन्हा सुरू करतो, केबल बदलतो. सर्व्हरचा यात काहीही दोष नसतो.

घडते ते असे. कर्नलने किंवा इनिटरॅमएफएसने नेटवर्क कार्डाला पत्ता देऊन त्याच्या आधारावर रूट माउंट केलेले असते. त्यानंतर नेहमीची सिस्टीम जागी होते आणि तिच्यातील नेटवर्क सांभाळणारी सेवा, हे कार्ड आपल्याच ताब्यातील आहे असे समजून, आधीचा पत्ता पुसून नव्याने पत्ता मागायला निघते. पत्ता पुसला गेला त्याच क्षणी रूट नाहीसे होते, आणि नवा पत्ता मागणारा प्रोग्रॅम तर त्या रूटवरच ठेवलेला असतो. तो वाचायला नेटवर्क हवे आणि नेटवर्क यायला तो हवा. परतीचे दोर तेथेच कापले जातात. एनएफएसचे माउंट ‘हार्ड’ असल्यामुळे चूक दाखवून थांबण्याऐवजी प्रत्येक प्रक्रिया वाट पाहत राहते, आणि म्हणून लॉगमध्येही काही सापडत नाही, कारण लॉग लिहायचा तोही त्याच रूटवर.

उपाय एका ओळीचा आहे. क्लायंटच्या रूटमधील इंटरफेसेसच्या फाइलमध्ये ते कार्ड ‘मॅन्युअल’ ठेवा. नेटवर्क सांभाळायला नेटवर्कमॅनेजर ही सेवा असेल तर ते कार्ड त्याच्या व्यवस्थापनातून वगळा. सिस्टमडी-नेटवर्कडी असेल तर ‘कीपकॉन्फिगरेशन’ला ‘येस’ द्या. यंत्र बंद करतानाही, रूट सोडण्यापूर्वी कोणी नेटवर्क उतरवत नाही ना, हे तपासा. तेथे अडकणारे यंत्र बहुधा याच कारणाने अडकते.

मात्र हा उपाय केल्यावर दुसरी गोष्ट डोके वर काढते. कर्नलने ‘आयपी=डीएचसीपी’ने घेतलेल्या पत्त्याची मुदत कर्नल स्वतः कधीच वाढवून घेत नाही, आणि वाढवणारी सेवा तर तुम्ही नुकतीच बाजूला केलेली असते. मुदत संपली की डीएचसीपी सर्व्हरच्या लेखी तो पत्ता मोकळा होतो. पुष्कळ सर्व्हर पत्ता देण्यापूर्वी पिंग करून पाहतात, त्यामुळे हा दोष बरेच दिवस लपून राहतो. पण क्लायंटच्या फायरवॉलने पिंग अडवले असेल, तर तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला जातो आणि दोन्ही यंत्रे आळीपाळीने गोठतात. यासाठी प्रत्येक क्लायंटचा पत्ता त्याच्या मॅक क्रमांकावर (नेटवर्क कार्डाच्या कायमच्या क्रमांकावर) राखून ठेवा. हे काम कंटाळवाणे असले, तरी टाळू नका.

शिकवणाऱ्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. जो तयार इमेज (आयती बसवलेली सिस्टीम) हाती देऊन ‘चालते ना, मग झाले’ म्हणतो, त्याच्याकडून ती इमेज जरूर घ्या, पण त्याला गुरू करू नका. जो सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरून जाणारे पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) लावून एका क्लायंटचे पहिल्या डीएचसीपी विनंतीपासून रूट माउंट होईपर्यंतचे पॅकेट तुमच्या शेजारी बसून वाचतो, त्याचा एक तास पुष्कळ दिवसांच्या शोधाशोधीचे काम करतो. असा माणूस जवळ नसेल, तरी खचून जाऊ नका. टीसीपीडंपच्या ओळी तुम्हालाही वाचता येतात, आणि क्लायंटकडून येणाऱ्या एनएफएसच्या विनंत्या अचानक थांबल्या व त्याच्या पत्त्याबद्दलच्या एआरपी चौकशीला (‘हा पत्ता कोणत्या कार्डाचा?’ या प्रश्नाला) उत्तर येईनासे झाले, तर दोष क्लायंटच्या बाजूला आहे, एवढे त्यातून लगेच कळते.

प्रयोगशाळा सुरू करण्यापूर्वी डीएचसीपीची मुदत मुद्दाम काही मिनिटांवर आणा, एक क्लायंट ती उलटून जाईपर्यंत चालू ठेवा, दरम्यान दुसरी दोन-तीन यंत्रे चालू करा, आणि पहिल्यावर एखादी मोठी फाइल उघडून पाहा. ती उघडली, तर उरलेली यंत्रे जोडायला हरकत नाही.