पाडकाम आणि बांधकाम जलरंगात रंगवताना

मुंबईत गिरगाव, लालबाग, परळ या भागांत गल्लीच्या एका बाजूला जुनी चाळ पाडली जात असते आणि दुसऱ्या बाजूला टॉवर चढत असतो. हे दृश्य रंगवताना दोहोंपैकी मुख्य विषय कोणता, हे आधी ठरवावे. दोघांनाही सारखेच महत्त्व दिल्यास नजर कोठेच ठरत नाही. मी स्वतः पाडकामाची बाजू घेईन.

अर्धवट पाडलेल्या चाळीत खरा ऐवज असतो तो उघड्या पडलेल्या आतल्या भिंतीचा. एकेका खोलीचा निळा, गुलाबी, पोपटी रंग, मोरीच्या फरशा, कोनाडे आणि काढलेल्या जिन्याची तिरकी खूण हे सारे तेथे एकावर एक रचलेले दिसते. ही भिंत उद्या असेलच असे नाही, म्हणून जागेवर गेल्याबरोबर प्रथम याच रंगांची नोंद करावी. चित्रातही हे चौकोन कोरड्या कागदावर स्वच्छ रंगात आधी भरावेत आणि ते पूर्ण वाळल्यावरच भोवतीचा राखाडी रंग लावावा. त्यासाठी तयार काळा वापरू नये. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणात निळा वाढवला की सिमेंटची थंड छटा मिळते, सिएना वाढवला की विटांच्या धुळीची उबदार छटा मिळते. राडारोड्यातील प्रत्येक वीट काढत बसू नये. उजेड आणि सावली असे ढिगाचे दोन मोठे आकार करून कडेच्या मोजक्या विटा व वाकलेल्या सळया तेवढ्या स्पष्ट कराव्यात. धुळीसाठी इमारतीच्या पायथ्याचा रंग ओला असतानाच निथळलेल्या ब्रशने उचलून घ्यावा.

बांधकामाच्या बाजूला बांबूची परांची असल्यास पट्टी वापरू नये, कारण बांबू नेमके सरळ नसतातच. हिरवी जाळी म्हणजे वाळलेल्या इमारतीवर दिलेला एक पातळ थर. तिच्या चुण्या मात्र गडद कराव्यात. टॉवर क्रेनच्या आखूड हातावरील काँक्रीटचे ठोकळे विसरू नयेत, नाहीतर जाणकाराला ती आता कलंडेल असे वाटते.

माणसे शेवटी, आणि लहान काढावीत. अमेरिकन चित्रकार जॉर्ज बेलोज यांनी १९०७ ते १९०९ या काळात न्यूयॉर्कच्या पेन स्टेशन या रेल्वे स्थानकासाठी चाललेले खोदकाम रंगवले, त्या चित्रांत खड्ड्याची अजस्रता इवल्याशा माणसांमुळेच जाणवते. आपल्याकडे पिवळ्या हेल्मेटचे दोन ठिपकेही तेवढे काम करतात.