वसुली एजंटशी तडजोड करताना

क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोन थकलं, की फोन सुरू होतात. घाबरून पहिल्याच फोनवर आकडा कबूल करू नका. आधी एजंटचं ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, मग बँकेकडून खात्याचा उतारा घ्या. मुद्दल, व्याज आणि दंड वेगळे मांडा. सवलत बहुधा व्याज-दंडात आधी मिळते.

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत (अनुत्पादक) कर्ज होतं. त्यानंतर बँक तडजोडीला जास्त तयार असते. एकरकमी किती देऊ शकता ते घरी ठरवा आणि त्याहून कमी आकड्यापासून बोलणी सुरू करा. ‘आजच भरा, नाहीतर ऑफर संपली’ या दबावाला बळी पडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बँकेच्या लेटरहेडवरचं सेटलमेंट पत्र हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. त्यात कर्ज क्रमांक, रक्कम, तारखा आणि ‘यानंतर काही येणं नाही’ हे स्पष्ट हवं. पैसे थेट कर्जखात्यातच भरा, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. तिथे गेलेले पैसे खात्यात जमा झाल्याचा पुरावा राहत नाही. ठरलेली तारीख चुकली तर सवलत रद्द होऊ शकते.

सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, मात्र ‘सेटल्ड’ (पूर्ण रक्कम न फेडता तडजोड केली) असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं. शक्य असेल तर पूर्ण रक्कम हप्त्यांत फेडणंच बरं.

सकाळी ८ पूर्वी, संध्याकाळी ७ नंतर फोन आला किंवा कधीही धमकी आली तर नोंद ठेवून बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.