विंडोज ११ वरून १० वर परत जाताय? या चुका टाळा

कार्तिक लागला की गोव्यात फोंडा, डिचोली, म्हापशाकडच्या डीटीपीवाल्यांना उसंत नसते. जत्रांच्या पत्रिका, नाटकांची हँडबिलं, मंडळांची पावतीपुस्तकं सगळं एकदम अंगावर येतं, आणि नेमका तेव्हाच नव्या लॅपटॉपवर जुन्या देवनागरी सॉफ्टवेअरचा डोंगल (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) चालेनासा होतो. मग लॅपटॉप पिशवीत घालून गिऱ्हाईक दुरुस्तीच्या दुकानात हजर: "म्हाका पयलींचेंच जाय. धा घाल." म्हणजे मला आधीचंच हवं, विंडोज १० घाल.

घालता येतं की. पण नक्की काय अडलंय हे न बघताच फॉरमॅट मारायचा, ही सगळ्यात मोठी चूक. डोंगलचंच घ्या. विंडोज ११ घेऊन आलेल्या लॅपटॉपवर 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण बहुधा चालू असतं आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण विंडोजकडून चालवून घेणारे छोटे प्रोग्रॅम) ते आत येऊ देत नाही. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन उघडून बघा. डोंगल बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर मिळत असेल तर आधी तो टाका. नसेलच तर मेमरी इंटिग्रिटी बंद करून मशीन रीस्टार्ट करा. सुरक्षा थोडी कमी होते हे खरं, पण अख्खी विंडोज मागे नेण्याच्या मानाने ते काहीच नाही. बरीचशी 'डाउनग्रेडची' कामं इथेच मिटतात.

दुकानातल्या दुसऱ्या मशीनला जोडलेला प्रिंटर दिसत नसेल तरी हेच. ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नेटवर्क शेअरिंगचे नियम कडक झालेत, पासवर्डशिवाय उघडं ठेवलेलं शेअरिंग प्रो एडिशनमध्ये चालत नाही. प्रिंटरवाल्या मशीनवर पासवर्डचं खातं करा. विंडोजला हात लावू नका.

एवढं करूनही १० च हवी असेल तर तिची मुदत लक्षात घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि तेही नाव नोंदवलं तरच. ज्या मशीनवर बँकेची आणि जीएसटीची कामं होतात तिथे मी तरी १० घालणार नाही. फक्त पत्रिका छापायच्या असतील आणि मशीन नेटला जोडायची नसेल तर गोष्ट वेगळी.

ज्यांनी १० वरून नुकतंच ११ केलंय त्यांना सोपी वाट आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, तिथे 'गो बॅक'. फायली जागच्या जागी राहतात, मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम तेवढे जातात. मुदत १० दिवसांची. या मुदतीत जागा रिकामी करायला म्हणून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' साफ केलंत तर ही वाट तिथेच बंद होते. आणि लॅपटॉप मुळातच ११ घेऊन आला असेल तर हे बटण शोधत बसू नका, त्याच्याकडे परत जायला जुनं काही नाहीच.

मग उरतं पेन ड्राइव्हवरून नव्याने घालणं. इथे 'सी साफ करू, डेटा डी मध्ये आहे' असं म्हणणारा माणूस सर्वात जास्त अडकतो. आजकालच्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन नकळत चालू झालेलं असतं, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की झालं. सी बरोबर डी सुद्धा कुलूपबंद असू शकतो. रोज तो आपोआप उघडतो, कारण त्याची किल्ली सी मध्ये असते. सी पुसलात की डी वर कुलपाचं चित्र येतं आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यावर साठवलेली असते, पण कोणाच्या? लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने घाईत स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो, नाहीतर मुलाचा शाळेचा. त्या खात्याचा पासवर्ड पाच वर्षांनी कोणाला आठवतो?

म्हणून पेन ड्राइव्ह लावण्याआधी सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. मोठ्या डिस्कला वेळ लागतो. सिक्युअर बूटला (मशीन सुरू होतानाच्या सुरक्षा तपासणीला) वगैरे हात लावायचा तो त्यानंतर. आणि डेटाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवीच. डी हा बॅकअप नव्हे, बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात.

दुसरी अडचण अशी की इन्स्टॉलर सुरू होतो आणि डिस्कच दिसत नाही. यादी कोरी. 'एसएसडी गेली' म्हणून नवी विकत घेणारेही आहेत. डिस्कला काही झालेलं नसतं. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क 'व्हीएमडी' नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावरून 'इंटेल रॅपिड स्टोरेज'चा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. नुसती ईएक्सई पेन ड्राइव्हवर टाकून भागत नाही. ती सुटी (एक्स्ट्रॅक्ट) करून आतली आयएनएफ फाइल दिसली पाहिजे, मग 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवा.

याउलट डिस्क दिसते पण 'जीपीटी' (डिस्कचे भाग पाडण्याची नवी पद्धत) म्हणून नाकारली जाते, तेव्हा डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची करायला धावू नका. पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने बूट झालाय एवढाच त्याचा अर्थ. बूट मेनूत त्याच पेन ड्राइव्हचं यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) असलेलं नाव निवडा. तिथे ते नसेलच तर पेन ड्राइव्ह नव्याने बनवा, रूफस या पेन ड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रॅममध्ये जीपीटी आणि यूईएफआय निवडून.

ड्रॉवरात पडलेला २०१८ चा पेन ड्राइव्ह वापरू नका. १० ची शेवटची आवृत्ती २२एच२ आणि वाढीव अपडेट तिलाच मिळतात. शिवाय मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आला तो २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून.

एडिशन तीच ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' असते. तीच १० घातली तर नेट मिळताच ती सहसा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते, मात्र कागदोपत्री डाउनग्रेडचा हक्क प्रो घेतलेल्यांनाच आहे. होमच्या जागी प्रो टाकून मग अ‍ॅक्टिव्हेटर (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा चोरटा प्रोग्रॅम) चालवणारे अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. पुढे काय होत असेल ते तुम्हीच ओळखा.

स्नॅपड्रॅगनवाला लॅपटॉप असेल तर साध्या १० चा नाद सोडा, ती इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी आहे. अगदी नव्या इंटेल मशीनवर ती चढते, पण १२ व्या पिढीपासूनच्या दोन जातींच्या कोअरना (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांना) काम वाटून देणं ११ ला जास्त चांगलं जमतं, आणि बऱ्याच मॉडेलांना कंपनी १० चे ड्रायव्हर देतच नाही.

पावसाळ्यात हे काम करायचं तर बॅटरी भरलेली हवी. सत्तरीत एक फांदी तारांवर पडली की लाईट कधी येईल ते वीज खात्यालाही सांगता येत नाही. मेलेल्या बॅटरीचा लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालवून मधेच बंद पडला तर फॉरमॅट पहिल्यापासून. बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट तर अशा मशीनवर करूच नका.

विंडोज घालून झाल्यावर टचपॅड हलत नाही आणि वायफाय दिसत नाही, हे इतकं नेहमीचं आहे की यूएसबी माऊस जवळ घेऊनच बसावं. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, वायफायच्या ड्रायव्हरशिवाय नेट मिळतं. त्यावरून आधी विंडोज अपडेट, मग कंपनीच्या पानावरचे चिपसेट, टचपॅड, वायफाय, याच क्रमाने. डोंगल त्यानंतर लावायचा, आणि त्याचा ड्रायव्हर आधी टाकून मगच.