मनालीच्या बर्फात घाटातलं शहाणपण चालत नाही: या चुका टाळा

अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सूहून मनालीला परतताना, बोगद्याच्या थोडं अलीकडे, सावलीतल्या एका चढावर मी थांबलो. पुढची टॅक्सी थांबली म्हणून, एवढंच. दुपारचे साडेचार वाजले होते. टॅक्सी निघाली, मी पहिला टाकून क्लच सोडला आणि गाडीचं नाक हळूहळू गटाराकडे वळायला लागलं. मग मी रेस दिली. ताम्हिणीच्या चिखलात गाडी अशीच तर निघते! चाकं जागच्या जागी गरगरली. काचेवर टकटक झाली. बाहेर एक स्थानिक ड्रायव्हर उभा होता. म्हणाला, "भाईजी, रेस छोडो. शीशा बना रहे हो."

खरंच काच बनवत होतो मी. फिरणाऱ्या चाकाच्या घर्षणाने वरचा बर्फ वितळतो, त्या पाण्याने खालचा गुळगुळीत होतो आणि क्षणात पुन्हा गोठतो. आपल्या बहुतेक चुका या एका सवयीतून येतात. भुसभुशीत बर्फ, काचेसारखा बर्फ आणि चिखल ही तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि आपण तिन्हींना चिखलाचंच औषध देतो. चिखलात थोडी रेस चालते, कारण टायरच्या खाचांत बसलेली माती झटकली जाते. ताज्या बर्फात मात्र खाचांत बर्फ भरलेलाच बरा; बर्फ बर्फाला धरतो. काचेवर धरायला काहीच नसतं. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी सावकाश सोडत निघायचं.

"सूर्य आहे, म्हणजे रस्ता मोकळा"

पर्यटकांची सगळ्यात महागात पडणारी समजूत ही. उन्हात वितळलेलं पाणी रस्त्यावर ओघळतं आणि डोंगराची सावली पडली की तिथेच गोठतं. खालचं डांबर आरपार दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. हाच तो ब्लॅक आइस. शून्याच्या जवळपासचा बर्फ उणे पंधराच्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. ताशी ४० च्या वेगाला कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यावर गाडी ८–१० मीटरांत थांबते. काचेवर साधारण ६० मीटर घेते. सिस्सूहून तीनच्या आत निघा. सकाळीही मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे उन्हं आल्याशिवाय घाई करू नका.

"आपली फोर बाय फोर आहे"

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना. ती निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. उलट ती सहज वेग पकडते, म्हणून चालकाला निसरडेपणा उशिरा कळतो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेक घट्ट दाबून धरा, पाय थरथरला तरी सोडू नका. ब्रेक पंप करायची जुनी सवय एबीएस नसलेल्या गाड्यांसाठी होती. उतारावर इंजिन ब्रेक, म्हणजे खालच्या गिअरने वेग रोखणं, बरोबरच, पण गिअर उतार सुरू होण्याआधी खाली आणा. मधेच झटक्यात टाकला तर चालती चाकं (इंजिन ज्यांना फिरवतं ती) अडखळतात आणि गाडी घसरते.

चेनच्या भानगडी

चेन म्हणजे बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायची साखळी. ती चालत्या चाकांना लावायची. स्विफ्ट, बलेनो, क्रेटा यांना पुढे; बोलेरोला मागे. इनोव्हात तर एकाच नावात घोळ आहे: क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते, हायक्रॉस पुढच्या. भाड्याने चेन देणारा गर्दीत लावून देईल त्यावर विसंबू नका, आपल्या गाडीची चाकं आपल्याला माहीत हवीत. टायरवर लिहिलेला आकडाही चेनशी जुळवून घ्या.

दुसरी चूक म्हणजे चाकं गरगरायला लागल्यावर चेन डिकीतून बाहेर काढायची. चढावर, गटाराच्या काठावर, बधिर बोटांनी ती लागत नाही. हॉटेलच्या अंगणात एकदा लावून बघा. लावल्यावर शंभरेक मीटर जा, थांबा आणि पुन्हा ताणा. पहिल्या फेऱ्यांत ती सैल पडतेच. तिशी-चाळिशीच्या वर वेग नको. बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, आत रस्ता कोरडा. तिथे चेन घालून गेलात तर कड्या तुटून मडगार्ड बडवतात. तोंडाशी सुरक्षित जागा बघून उतरवा. पुढच्या चाकांना चेन असेल तर उतारावर गाडीचा मागचा भाग मोकळा असतो, वळणावर तो बाहेर येऊ शकतो. म्हणून वळणाआधीच वेग कमी.

हवा

पुण्यात भरलेली हवा मनालीत तेवढीच राहत नाही. थंडीने दाब उतरतो, उंचीमुळे मीटरवर थोडा चढतो. दोन्हीचा हिशोब डोक्यात मांडत बसण्यापेक्षा सकाळी गार टायरवर मोजा आणि कंपनीने दिलेला दाब ठेवा. "हवा कमी केली की पकड वाढते" हे चिखलात आणि मऊ बर्फात खरं आहे, काचेवर नाही. गुळगुळीत टायर असतील तर मात्र काही उपयोग नाही. कायद्याला १.६ मिलिमीटर खोल खाच पुरते, बर्फाला निदान ४ हवी.

रुतल्यावर

चहाच्या किटलीतलं गरम पाणी चाकाखाली ओतणारे मी दोनदा पाहिले. पाच मिनिटांत काच तयार. राख, वाळू, बारीक खडी टाका. गाडीतलं मॅट टाकणार असाल तर त्याची खरखरीत बाजू टायरकडे ठेवा आणि चाकाच्या रेषेत मागे कुणी उभं राहू नका. मॅट गोळीसारखं सुटतं. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर एवढ्यापुरतं बंद करा, कारण चाक गरगरताच ते ताकद कापतं. बाहेर पडताच चालू करा. पुढे-मागे झुलवायचं, पण हलक्या पायाने.

दुपारी चंद्रा नदीकाठच्या पार्किंगची माती सैल होते, तिथे खरा चिखल भेटतो. इथे आपलं ज्ञान उपयोगी: टायरचा दाब २० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची माती उकरून सपाट दगड सरकवा. गाडीचं पोटच टेकलं असेल तर चाक फिरवून काही होत नाही. जॅकखाली फळी ठेवून चाक उचला, खाली दगड भरा. नंतर डांबरावर येताच हवा भरायची, म्हणून पंप सोबत हवा.

आणि बर्फात अडकून हीटर लावून बसायची वेळ आली, तर आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का बघा. ते बर्फाने बुजलं की धूर गाडीत शिरतो आणि त्यातल्या जीवघेण्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दर अर्ध्या तासाने पुन्हा उतरून बघा, एक काच बोटभर उघडी ठेवा.