उडालेले फोटो परत काढताय? या चुका टाळा

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ माझं काँप्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. फोटो उडाले की लोक आधी घरी चार सॉफ्टवेअर टाकून बघतात, आणि सगळं बिघडलं की मग माझ्याकडे येतात.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते क्रॅकवाल्यांमुळे, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर कुलूप तोडून फुकट वापरणाऱ्यांमुळे. रिकव्हरी सॉफ्टवेअरला अख्खी डिस्क वाचायची असते, म्हणून ते ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतं. क्रॅकसोबतच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, 'आधी अँटिव्हायरस बंद करा', आणि मंडळी निमूटपणे करतात! म्हणजे कुलूप काढायचं आणि वर तिजोरीही दाखवायची. ब्राउझरमधले पासवर्ड गेले तर पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा फोटोरेक नावाचं रिकव्हरी सॉफ्टवेअर घ्या. ते फुकट आहे, त्याचा सोर्स कोड उघडा आहे. काळा पडदा बघून घाबरायचं कारण नाही, पण दहा मिनिटं वाचायचा धीर कुणाला आहे?

दुसरी चूक म्हणजे डिस्कवर फक्त आपलंच सामान आहे असं धरून चालणं. गेल्या दिवाळीनंतर सातपूरहून एक गृहस्थ आले. मुलीच्या बारशाचे फोटो उडालेले, डिस्क सेकंडहँड. रात्रभर फोटोरेक लावून ठेवलं. हे मूळ नावं परत देत नाही. आकड्यांच्या नावाच्या हजारो फाइली पुढ्यात टाकतं. सकाळी दोघं बघत बसलो. पाळणा दिसला, आत्या दिसली, आणि पुढच्याच क्लिकला कुणा अनोळखी बाईंचं आधार कार्ड, पासबुक, सोनोग्राफीचा रिपोर्ट. "दादा, या कोण?" मी मॉनिटरच बंद केला.

आधीच्या मालकानं क्विक फॉरमॅट मारून डिस्क विकली होती. त्यात फक्त अनुक्रमणिका कोरी होते, पानं तशीच राहतात. विकताना विंडोजचा साधा, पूर्ण फॉरमॅट केला असता तर सगळीकडे शून्य लिहिलं गेलं असतं. वेळ लागतो, म्हणून कोणी करत नाही. तेव्हापासून मी आधी विचारतो, डिस्क नवी घेतलीत की जुनी? आणि फाइली निवडायला माउस ग्राहकाच्याच हातात देतो.

मोबाइलवरची 'सगळे फोटो परत' वाली ॲप्स तर टाकूच नका. रूट नसलेल्या, म्हणजे आतल्या सिस्टिमचा पूर्ण ताबा न घेतलेल्या फोनमध्ये बहुतेक वेळा जुने थंबनेल, म्हणजे फोटोंच्या छोट्या प्रती, दाखवतात आणि त्याबदल्यात सगळ्या फाइलींची परवानगी घेतात. आधी गुगल फोटोजचा ट्रॅश उघडा. बॅकअप झालेले फोटो तिथे 60 दिवस असतात.

बिघडलेला व्हिडिओ 'दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या साइटवर घरातलं काहीही अपलोड करू नका.

ज्या मेमरी कार्डावरून फोटो उडाले, सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर सेव्ह करू नका. हे किती वेळा सांगायचं?

दुकानात डिस्क देणार असाल तर निघालेला माल कुठे साठवणार आणि कधी पुसणार, हे तोंडावर विचारा. दुकानदार चिडला तर डिस्क उचला आणि चालू पडा. मी माल वेगळ्या हार्ड डिस्कवर काढतो, ग्राहक त्याच्या डिस्कवर घेऊन गेला की माझ्याकडचा फोल्डर त्याच्यासमोर उडवतो. पण नुसतं उडवून काय होतं ते वर सांगितलंच. म्हणून रात्री त्या डिस्कवर विंडोजची सायफर कमांड लावतो, रिकामी जागा ती पुसत बसते, आणि मी शटर ओढून घरी जातो.