सागरी गवताची पाहणी कशी करावी

सागरी गवत म्हणजे शेवाळ नव्हे. मुळे, वाळूखाली आडवे पसरणारे खोड, पाने आणि फुले असलेली ती सपुष्प वनस्पती आहे. शंका आल्यास बुडाशी पाहावे: बहुतेक शेवाळ खडकाला किंवा शिंपल्याला नुसते चिकटलेले असते, तर गवत मुळांनी वाळूत किंवा चिखलात रुजलेले असते.

पाहणीचा दिवस भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठरवावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी अधिक मागे जाते, त्यामुळे एरवी बुडालेला पट्टा चालण्याजोगा होतो. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या सुमारे तासभर आधी पोहोचावे, एकट्याने कधीही जाऊ नये आणि क्षेत्र संरक्षित असल्यास परवानगी आधीच घ्यावी.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात १९९८ साली सुरू झालेल्या ‘सीग्रास-वॉच’ उपक्रमाची पद्धत स्वयंसेवकांना सहज जमण्याजोगी आहे. त्यात ५० मीटर लांबीच्या तीन समांतर टेपा एकमेकींपासून २५ मीटर अंतरावर अंथरतात आणि प्रत्येक टेपेवर शून्यापासून दर ५ मीटरवर ५० सेंटिमीटर बाजूची चौरस चौकट ठेवतात; अशा एकूण ३३ चौकटी होतात. टेपेच्या एका बाजूने चालावे आणि चौकट दुसऱ्या बाजूस ठेवावी, म्हणजे जे मोजायचे तेच पायाखाली तुडवले जाणार नाही.

चौकट ठेवल्यावर कशालाही हात लावण्यापूर्वी, जागेचा क्रमांक दिसेल असे छायाचित्र घ्यावे. मग वाळू बोटांनी चाचपून ती भरड आहे की चिखलमिश्रित हे लिहावे आणि गवताने किती टक्के जागा व्यापली आहे याचा अंदाज करावा. सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, कारण लांब पाने आडवी पडली की गवत आहे त्याहून दाट भासते. त्यासाठी प्रमाणित छायाचित्रांचा तक्ता हाती ठेवावा आणि सुरुवातीच्या काही चौकटींत दोघांनी एकमेकांना न सांगता आकडे लिहून मगच ते ताडून पाहावेत. फरक मोठा निघाल्यास तक्ता पुन्हा पाहून एकमत करावे आणि त्यानंतरच पुढे जावे. पुढे प्रजातींचे प्रमाण, पानांची उंची, तसेच मोकळे शेवाळ आणि पानांवर वाढलेले शेवाळ यांची वेगवेगळी नोंद करावी. पानांवर शेवाळाचा जाड थर चढला तर सूर्यप्रकाश अडतो. शेतांतून किंवा सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्ये हे त्याचे एक नेहमीचे कारण असते.

चौकटीत गवत नसेल तर ‘शून्य’ लिहावे. जागा कोरी सोडू नये आणि गवत दिसावे म्हणून चौकट सरकवू तर मुळीच नये. ऱ्हास कळतो तो याच शून्यांवरून, म्हणून माझ्या मते हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रजाती ओळखता न आल्यास अंदाजाने नाव लिहिण्याऐवजी तसे नमूद करून पान, खोड आणि मुळे दिसतील असे जवळचे छायाचित्र जोडावे.

नोंदपत्रके त्याच दिवशी तपासून छायाचित्रांसह समन्वयकाकडे द्यावीत. पुढील पाहणी त्याच जागी, त्याच पद्धतीने करावी. गवताची दाटी ऋतूनुसार कमी-जास्त होत असल्याने वर्षा-वर्षांची तुलना करताना एकाच ऋतूतील नोंदी समोरासमोर ठेवाव्यात.